अकरा जणांचा प्लॉट

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. आरोपीचा चेहरा एका गुन्ह्यातला आठवतो आणि पंचनाम्याची जागा दुसऱ्याच गुन्ह्यातली. दिंडोरी रोडच्या प्लॉटची केस मात्र पहिल्या सकाळपासून शेवटच्या कागदापर्यंत माझ्या डोक्यात जशीच्या तशी आहे. त्या केसमध्ये आरोपी सापडला, बरीचशी रक्कम वसूल झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. आणि त्याच केसमध्ये मी एका सरळ माणसाला चार दिवस ठाण्यातल्या लाकडी बाकावर बसवून ठेवलं. दोन्ही गोष्टी सांगायच्या म्हणून हे लिहितो आहे. नाव मात्र कुणाचंच लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच कॉलनीत राहतात, रोज सकाळी एकमेकांना भेटतात.

मी तेव्हा नाशिक शहराच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवार होता. हजेरी संपवून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात बाहेर मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज आला. ठाणे अंमलदारांनी आत येऊन सांगितलं, "साहेब, दोन पार्ट्या आल्यात. जागेचा वाद. दोघंही म्हणतात, जागा आमची."

असे वाद आठवड्याला दोन-तीन येतात. मी दोघांनाही आत बोलावलं. एकजण चाळिशीचा, बडोद्याहून आलेला. बायको-मुलांना घेऊन वणीला देवीच्या दर्शनाला गेला होता. परत जाताना वडिलांचा प्लॉट एकदा बघून घ्यावा म्हणून दिंडोरी रोडला गाडी थांबवली, तर तिथे चार मजूर सिमेंटचे खांब रोवत होते. दुसरे गृहस्थ पासष्टीचे, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात मोजपट्टी. हे ओझरच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. कुंपणाची मापं ते स्वतः घेत होते. बडोदेकर अंगावर धावून आला तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "भांडू नका. पोलीस स्टेशनला जाऊ. माझ्याकडे रजिस्टर्ड खरेदीखत आहे."

जो माणूस स्वतःहून समोरच्याला ठाण्यात घेऊन येतो, त्याच्याबद्दल पोलिसानं तिथेच काहीतरी टिपून ठेवायला हवं. मी टिपलं नाही.

दोघांचे कागद टेबलावर ठेवले. गट नंबर तोच, प्लॉट नंबर तोच, मालकाचं नावही तेच. बडोदेकराकडे वडिलांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी प्लॉट घेतल्याचं मूळ खरेदीखत होतं, खाली वडिलांची ठसठशीत सही. फोरमनकडे तीन महिन्यांपूर्वीचं खरेदीखत होतं. त्यात त्याच मालकानं तो प्लॉट अकरा जणांना विकला होता. सहीच्या जागी अंगठा, शेजारी दुय्यम निबंधक कार्यालयात काढलेला फोटो.

बडोदेकरानं फोटोवर बोट ठेवलं. "हे माझे वडील नाहीत. माझे वडील घरी आहेत, आत्ता फोन लावून देतो. आणि ते अंगठा का देतील? पदवीधर आहेत ते."

फोरमननी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि फोटो पुन्हा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "व्यवहार जुळवणारा एजंट म्हणाला होता, मालकांचा हात थरथरतो म्हणून अंगठा."



दुपारी त्यांची फिर्याद घेतली, तेव्हा सगळी हकीकत कळली. कॉलनीत सकाळी फिरायला जाणारे हे अकरा लोक. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतले, एक किराणा दुकानदार, एक सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, ज्यांना सगळी कॉलनी सिस्टर म्हणायची. नाशिकच्या आजूबाजूला जागांचे भाव डोळ्यांदेखत वाढत होते आणि एकट्याच्या ऐपतीत यातलं काही बसत नव्हतं. तेव्हा फोरमननी कल्पना मांडली. प्रत्येकी पाच लाख काढू, एक चांगला बिनशेती प्लॉट घेऊ, पुढे त्यावर चार गाळे बांधून भाड्यानं देऊ.

कल्पना सांगून ते थांबले नव्हते. कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी कराराचा मसुदा केला, वकिलाकडून तपासून घेतला, नोटरी केली. तो करार मी शब्दन् शब्द वाचला. सगळ्यांचा वाटा सारखा, मतही सारखं. बँकेत संयुक्त खातं, तीन सह्यांशिवाय चेक निघणार नाही. रोखीचा व्यवहार अजिबात नाही. कर्ज काढून कुणी वाटा भरायचा नाही. कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा वाटा आधी बाकीच्यांनी विकत घ्यायचा. प्रत्येक बैठकीचा वृत्तांत लिहायचा आणि सगळ्यांनी सही करायची. शेवटचं कलम असं होतं की दोन सभासदांनी मालकाला त्याच्या घरी जाऊन भेटल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

असे गट करून बुडालेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकांकडे वहीचं एक पान आणि एकमेकांचा शब्द, एवढंच असतं. इतका चोख करार मी दुसरीकडे पाहिला नाही.

"मग मालकाच्या घरी कोण गेलं होतं?" मी विचारलं.

फोरमन खाली बघत म्हणाले, "कुणीच नाही. एजंट म्हणाला, मालक बडोद्याला मुलाकडे असतात, आजारी आहेत, रजिस्ट्रीच्या दिवशी गाडीनं आणू. सुरतची एक पार्टी पैसे घेऊन तयार आहे, आठवडाभरच थांबेन म्हणाला. बैठकीत मीच म्हटलं, यावेळेपुरतं ते कलम बाजूला ठेवू."

"तुम्हीच म्हणालात?"

"हो. वृत्तांतात लिहिलंय. माझी सही आहे."

फसवणूक, तोतयेगिरी आणि बनावट दस्तऐवज यांखाली गुन्हा नोंदवला. तपास सुरू केला तर पहिल्या दोन दिवसांत सगळे दरवाजे बंद. मालकाची ओळख पटवणाऱ्या दोन साक्षीदारांचे पत्ते खोटे. मालकाच्या नावानं बनावट आधार कार्डावर उघडलेल्या बँक खात्यातून रक्कम आठवड्याभरात चार ठिकाणी गेलेली, आणि त्या खात्यांची माहिती बँकांकडून यायची होती. एजंटला बोलावलं, तर तो अर्ध्या तासात हजर. गोड बोलणारा, हातात फाईल, खिशाला सोनेरी पेन. "साहेब, मीही फसलोय. मालक म्हणून फोन आला, मी पार्टी मिळवून दिली. माझं कमिशन मी चेकनं घेतलंय, बघा." त्याच्या जबाबात त्यानं असंही सांगितलं की गटातल्या लोकांना तो नेहमी चार-पाच जण एकत्र असतानाच भेटला. कुणालाही एकट्याला कधी भेटला नाही.

तिसऱ्या दिवशी टपालानं एक निनावी अर्ज आला. टाइप केलेला, एक पानी. त्यात लिहिलं होतं की या व्यवहारात फोरमन सामील आहेत, इसाराच्या दिवशी ते एजंटच्या गाडीत वीस मिनिटं एकटे बसले होते आणि तिथे त्यांनी पाकीट घेतलं. त्याच दिवशी संध्याकाळी किराणा दुकानदार तिघा-चौघांना घेऊन ठाण्यात आले. "साहेब, मालकाच्या घरी जायचं कलम फोरमननीच का काढलं? घाई त्यांनाच का झाली? आमच्या आयुष्याची कमाई आहे. तुम्ही त्यांना सोडू नका."

पोलिसाला दोन बाजूंनी एकच गोष्ट ऐकू आली की ती खरी वाटते. मला वाटली. समजपत्र देऊन मी फोरमनना बोलावलं. सलग चार दिवस. सकाळी दहाला यायचे, मी कामातून मोकळा होईपर्यंत बाकावर बसायचे, मग तेच प्रश्न. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. ती माझी पद्धत कधीच नव्हती. पण ज्या माणसाला आयुष्यात कुणी उशीर झाला म्हणून बोललं नव्हतं, त्याला गुन्हेगारासारखं उलटसुलट विचारणं हाही एक मारच असतो.

"एजंटच्या गाडीत बसला होतात का?"

"हो."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही. मला साखरेचा त्रास आहे. त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, चक्कर आली. बाकीचे वकिलांच्या ऑफिसात वर होते. एजंटनं मला गाडीत बसवलं, एसी लावला, बिस्किटांचा पुडा आणून दिला."

"आणि पाकीट?"

"बिस्किटांचा पुडा, साहेब. पाकीट नाही."

चौथ्या दिवशी त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. त्यांच्या राहत्या घराचा उतारा. "हे घर विकतो आणि दहाही जणांचे पैसे परत करतो. गटाची कल्पना माझी होती. पण मी पैसे खाल्ले असं तेवढं कुठे लिहू नका."

खरं सांगतो, मला तेव्हा वाटलं की माणूस मोडला, आता कबूल करेल. वीस वर्षांच्या अनुभवानं मला हेच शिकवलं होतं. घर द्यायला निघालेला माणूस निर्दोषही असू शकतो, हे त्या अनुभवात नव्हतं.

पाचव्या दिवशी फोरमन यायच्या आधीच सिस्टर आल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गुडघ्याचा पट्टा बांधलेल्या. त्यांचा जबाब बाकीच्यांबरोबर आधीच झाला होता. नाव, वय, किती रक्कम, कुठल्या चेकनं, सही. अकरा जणांना आम्ही तेच प्रश्न विचारले होते आणि अकरा जबाब जवळपास सारखेच होते.

"साहेब, त्यांना अजून किती दिवस बोलावणार?" त्यांनी उभ्यानंच विचारलं.

"तपास संपेपर्यंत. तुमचेही पाच लाख आहेत ना त्यात?"

"आहेत. म्हणूनच आले." त्या खुर्चीत बसल्या. "मला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं, पण लाज वाटली. आता नाही सांगितलं तर त्या माणसाचं काहीतरी बरंवाईट होईल."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी सांगितलं ते असं.

रजिस्ट्रीच्या दिवशी नंबर लागायची वाट बघत सगळे कार्यालयाच्या ओट्यावर बसले होते. मालक म्हणून आणलेले वृद्ध गृहस्थ एका कोपऱ्यात गप्प होते. त्यांच्या ओठांना कोरड पडलेली सिस्टरना दिसली, म्हणून त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन त्यांनी सिस्टरकडे नीट पाहिलं आणि चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "बाय, तुम्ही आमच्या दवाखान्यात व्हत्या. माझ्या पोरीच्या बाळंतपणाला तुम्हीच व्हत्या."

सिस्टरनी आठ वर्षं सुरगाणा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली होती. किती बाळंतपणं केली याचा हिशोब नाही. चेहरा त्यांना आठवला नाही, पण बोली ओळखीची होती. 'आहे'ला 'आहा' म्हणणारी माणसं तिकडची. मालक तर मूळचे निफाडकडचे बागायतदार असल्याचं एजंटनं सांगितलं होतं. त्या काही विचारणार, तेवढ्यात एजंट आला. "सिस्टर, आजोबांना हल्ली भ्रम होतो. कुणालाही ओळखीचं समजतात." आणि त्यांना उठवून बाहेर घेऊन गेला. दहा मिनिटांनी दोघं परत आले. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. नंबर लागला, अंगठा झाला.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. "कळलंही होतं थोडंसं. पण सगळे खूश होते, पेढे आणले होते. मी म्हटलं, आपण कशाला मोडता घालायचा. मी एक शब्द बोलले असते तर पैसे वाचले असते. आणि आता शिक्षा फोरमनना होतेय."

मी फोरमनना निरोप पाठवला की आज यायची गरज नाही. का ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासगी गाडीनं आम्ही निघालो. मी, एक महिला शिपाई, शेजारच्या पेठ तालुक्यातले आमचे हवालदार आणि सिस्टर. साध्या कपड्यांत. खरेदीखतावरचा फोटो मोठा करून घेतला होता. त्यांच्या आरोग्य केंद्राखालच्या गावांची नावं सिस्टरना तोंडपाठ होती. वाटेत त्या फक्त गुडघ्याबद्दल बोलल्या. पहिल्या गावात कुणी ओळखलं नाही. दुसऱ्या गावात जीपच्या थांब्यावर एका चालकानं फोटो पाहिला आणि सिस्टरकडे बघत म्हणाला, "हे तर वरच्या पाड्याचं बाबा आहा. काय झालं, बाय? दवाखान्याचं काय काम आहा का?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "भेटायचंय."

पाड्यावर सगळ्या घरांवर जुनी कौलं होती. एकाच घरावर नवे पत्रे चकाकत होते. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दारात तिशीची एक बाई नागली पाखडत होती. सिस्टरना बघून ती उठली, पाया पडली आणि आत वळून मोठ्यानं म्हणाली, "बा, दवाखान्यातल्या बाय आल्यात!"

बाबा बाहेर आले. फोटोतलाच माणूस. त्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं, मग आमच्या तिघांकडे. पोलिसाचे कपडे बदलले तरी पायातले बूट आणि बारीक कापलेले केस बदलत नाहीत, त्यांना लगेच कळलं.

"हे पोलीस हायेत ना?"

"हो, बाबा," सिस्टर म्हणाल्या.

"मला वाटलंच व्हतं कुणीतरी येईल." ते ओट्यावर बसले. "त्या दिवशी तुम्हाला बघितलं आन् मी त्याला म्हटलं, मला नाय करायचं. ह्या बायनं माझी पोर वाचवली व्हती. दोन दिवस अडली व्हती, ह्या चालत आल्या व्हत्या पाड्यावर. तो म्हणला, आता मागं फिरलास तर तूच जेलमध्ये जाशील. मी अडाणी माणूस आहा, साहेब. घाबरलो."

मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती सूप हातात धरून उभी होती. पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाबा हंगामात नाशिकला मजुरीला जायचे आणि दोन वर्षं एजंटच्या एका बांधकामावर राखणदार होते. एजंटनं त्यांना सांगितलं होतं की मालक आजारी आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, त्याच्या जागी नुसता अंगठा द्यायचा. नवं धोतर, टोपी आणि पत्र्यांपुरते पैसे. रीतसर ताब्यात घेऊन जबाब नोंदवला, अंगठ्याचे ठसे अंगुलीमुद्रा केंद्राकडे पाठवले. ते खरेदीखतावरच्या ठशांशी जुळले. आता एजंट उरला होता.

तो याही वेळी वेळेवर आला. फाईल, पेन, हसरा चेहरा. मी सुरगाण्याचं नाव काढलं नाही. निनावी अर्ज समोर ठेवला आणि म्हटलं, "फोरमनबद्दल हे आलंय. तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं वाचला, थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "आता तुमच्यापर्यंत आलंच आहे तर सांगतो, साहेब. मी त्यांचं नाव घ्यायला कचरत होतो, वयानं मोठे आहेत. पण हे खरं आहे. पाकीट त्यांनी मागून घेतलं."

"गाडी कुठे उभी होती?"

"वकिलांच्या ऑफिसमागच्या गल्लीत."

"बाकीचे लोक?"

"वर. दुसऱ्या मजल्यावर."

"गल्लीत ओळखीचं कुणी होतं?"

"कुणीच नव्हतं. शिवाय गाडीच्या काचा काळ्या. म्हणून तर त्यांनी तिथे घेतलं."

मी अर्ज त्याच्याकडे सरकवला. "मग हे लिहिणाऱ्यानं पाहिलं कुठून? गाडीत दोनच माणसं होती. एक फोरमन. ते स्वतःविरुद्ध अर्ज लिहिणार नाहीत. आणि तुम्ही तर पहिल्या जबाबात लिहून दिलंय की कुणाला एकट्याला भेटलोच नाही."

तो हसायचा थांबला. हा प्रश्न मी अर्ज आला त्याच दिवशी स्वतःला विचारायला हवा होता. शाळेतल्या मुलालाही सुचला असता. मला सुचला नाही, कारण अर्जात जे लिहिलं होतं ते माझ्या डोक्यातल्या संशयाशी जुळत होतं.

थोड्या वेळानं हवालदार बाबांना आत घेऊन आले. एजंट म्हणाला, "यांना मी ओळखत नाही."

बाबा शांतपणे म्हणाले, "शेठ, दोन वर्षं तुमच्या बांधकामावर राखण केली. तुमच्या कुत्र्याला भाकर मी घालायचो. मी सांगून टाकलंय सगळं. तुम्हीपण सांगून टाका."

एजंटनं पाणी मागितलं. पाणी प्यायला आणि बोलायला लागला. प्लॉट वर्षानुवर्षं पडीक, मालक परगावी, हे त्यानं तलाठ्याच्या कार्यालयाबाहेर बसून हेरलं होतं. साक्षीदार भाड्याचे. रक्कम मेहुण्याच्या आणि आणखी तिघांच्या खात्यांतून फिरवून त्यानं एका फ्लॅटमध्ये घातली होती. निनावी अर्जही त्यानंच टाकला होता; गटातल्या लोकांचं आपसात फाटलं की ते एकमेकांच्याच मागे लागतील आणि आपण सुटू, असा त्याचा हिशोब होता. तो जवळजवळ बरोबर निघाला होता.

खाती गोठवली, फ्लॅटवर टाच आणली, मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं. बाबांना जामीन मिळाला आणि पुढे कोर्टानं त्यांना माफीचा साक्षीदार केलं. त्यांची साक्ष मी कोर्टात बसून ऐकली. उलटतपासणीत वकिलानं त्यांना तासभर फिरवलं, पण त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. एजंटला शिक्षा झाली. कोर्टाच्या आदेशानं गटाला जवळपास तीन-चतुर्थांश रक्कम परत मिळाली. त्याला वेळ लागला, पण मिळाली. ती मिळण्याचं एक कारण त्यांचा करार होता. प्रत्येक रुपया चेकनं गेलेला, प्रत्येक बैठकीचा सह्यांसकट वृत्तांत. फिर्यादीनं इतकी तयार फाईल हातात दिलेली दुसरी केस माझ्या नोकरीत नाही.

लोक मला अजून विचारतात की असे गट करून जागा घ्यावी का. मी सांगतो, जरूर घ्यावी. एकट्या माणसाला जे जमत नाही ते दहा माणसांना जमतं, आणि एजंट दहा जणांना एकदम मूर्ख बनवू शकत नाही, जर ते दहाही जण बोलत असतील तर. नियम लिहा आणि ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी ते जास्त कडकपणे पाळा. घाईच्या दिवसासाठीच ते लिहिलेले असतात. आणि गटात एखाद्याला काही खटकलं, तर पेढे बाजूला ठेवून त्याचं आधी ऐका.

स्वतःपुरतं मी एक शिकलो. त्यानंतर कुठलाही जबाब संपला की मी लेखनिकाला थांबवायचो, कागद बाजूला ठेवायचो आणि समोरच्याला विचारायचो, "आम्ही न विचारलेलं काही आहे का?" दहातले आठजण नाही म्हणायचे. उरलेल्या दोघांनी माझ्या निम्म्या केसेस सोडवल्या.

गट मोडला नाही. दोघं बाहेर पडले, त्यांचे वाटे कराराप्रमाणे इतरांनी घेतले. उरलेल्या नऊ जणांनी थोडी भर घातली आणि फोरमन व सिस्टर स्वतः बडोद्याला खऱ्या मालकांच्या घरी गेले. दोन दिवस राहिले. मालकांनी तोच प्लॉट त्यांना रीतसर विकला, स्वतः नाशिकला येऊन सही केली. त्यावर चार गाळे उभे राहिले. तोवर मी निवृत्त झालो होतो. पूजेला मला बोलावणं आलं.

गेलो. किराणा दुकानदार पंगतीत वाढत होते. सिस्टरनी बाबांच्या मुलीलाही बोलावलं होतं, ती मुलांना घेऊन आली होती. जेवणं झाल्यावर फोरमन मला एका रिकाम्या गाळ्यात घेऊन गेले. रंगाचा वास होता. वर्दीत असताना मला जे बोलता आलं नव्हतं ते मी तिथे बोललो. "त्या चार दिवसांबद्दल मला माफ करा. माझी चूक होती."

त्यांनी भिंतीवर हात टेकवला, प्लास्टर कसं बसलंय ते बघावं तसा. "साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. कलम मीच काढलं होतं. त्याचं मला काही नाही." मग म्हणाले, "पण त्या चार दिवसांत माझ्या बायकोनं भाजीला जाणं बंद केलं होतं. लोक बघतात म्हणून. पोरगी फोन करायची तर ती सांगायची, बाबा बाहेर गेलेत. तेवढं कुठेतरी लिहून ठेवा. तुमच्या त्या फाईलमध्ये सगळं आहे, ते नाही."

फाईल केव्हाच रेकॉर्ड रूममध्ये गेली होती, तिच्यात आता काही घालता येत नव्हतं. म्हणून ते इथे लिहिलं.